मातीची झडती

आमच्या घरी गणपती विकत आणत नसत, घरीच करत. आणि करण्याआधी त्याच्या मातीची झडती घेत. ‘झडती’ हा शब्द बाबांचा. अंगणात जुनं धोतर अंथरून, हातात चिमटा आणि भिंग घेऊन बाबा मातीच्या ढिगाशी बसले की आई ओट्यावरून म्हणायची, “काहून जी, गणपती करून राहिले की पंचनामा?” बाबा चिमट्यातला इवलासा शंख उन्हाकडे धरून म्हणायचे, “दोन्ही.”

बाबा जबलपूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. अधारतालपासून महाराजपूरपर्यंत त्यांना सगळे मास्साब म्हणतात, भाजीवालासुद्धा. आमचं घराणं इथे कुण्या पूर्वजाच्या नोकरीपायी आलं, कुठल्याशा फौजेबरोबर. नेमका कोण आणि कधी हे कुणालाच सांगता येत नाही आणि त्यावाचून आमचं काही अडलंही नाही. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि उंबरठ्यावर दोन्हीची खिचडी, असं पिढ्यान्पिढ्या चाललंय. मराठीपणाच्या खुणा म्हणून आमच्याकडे दोनच गोष्टी टिकल्या होत्या, एक आईचं गोडं वरण आणि दुसरा हा मातीचा गणपती.

माती कुठलीही चालत नसे. ती परियट नदीचीच हवी, आणि तीही एका ठरावीक वळणावरची. बाबांनी महाराजपूरला घर बांधलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. तिकडे ना रस्ता ना दिवे. बाबा म्हणाले, नदी तर आहे. वैशाखात पाणी उतरलं की ते सायकलला गोणपाट बांधून निघत आणि मागे कॅरियरवर मी. वळणावर कोह्याचं, म्हणजे अर्जुनाचं, एक मोठं झाड होतं, पांढऱ्या बुंध्याचं, त्याची मुळं थेट पाण्यात गेलेली. त्या मुळांच्या बाजूची दरड खुरपीने खरवडायची. माती पिवळसर, लोण्यासारखी मऊ, आणि वास असा की मला ती खावीशी वाटायची. एकदा खाल्लीही. बाबांनी रागावण्याऐवजी विचारलं, “कशी लागली?”

त्या वेळचं पाणी मला अजून दिसतं. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर पायाची नखं दिसत. तळाच्या वाळूत लांबच लांब वाकड्यातिकड्या रेघा असायच्या. त्या रेघेच्या मागे मागे बोट नेत गेलं की शेवटी एक शिंपला सापडायचा, वाळूत अर्धा रुतलेला. ती रेघ म्हणजे त्याची दिवसभराची चाल. मी दुपारभर तेवढंच करायची. वर निवळ्या पाण्यावर सरसरत, खंड्या त्याच त्या फांदीवरून सूर मारत, टिटवी आम्हाला शिव्या घालत असे कारण तिची अंडी जवळपासच्या गोट्यांत कुठेतरी असत. पलीकडच्या काठावर मगर ऊन खात पडलेली असे. तिची भीती वाटली तर बाबा म्हणायचे, “ती तिच्या काठावर, आपण आपल्या. घाबरायचं नाही आणि शहाणपणाही करायचा नाही.” आज कुणी आपल्या मुलीला मगरीसमोर असं सोडलं तर पोलीस येतील.

गणपतीच्या मातीत जीव जाऊ नये म्हणून ती निवडायची, ही आजोबांची रीत. बाबांनी त्यात वही घातली. जे सापडेल ते लिहायचं. चतुराच्या अळीची कात, गोगलगाईचे शंख, खेकड्याची नांगी, शिंपल्याचे तुकडे. जिवंत जे निघेल ते ओल्या फडक्यात बांधून त्याच संध्याकाळी नदीला परत. मग माती भिजवायची, कुटायची, कापूस घालून मळायची. भाद्रपदात त्या मातीचा हातभर उंचीचा, जरा पोट सुटलेला गणपती व्हायचा आणि दीड दिवसाने त्याच वळणावर जाऊन विरघळायचा. जिथून घेतली तिथे पोचवली, असं बाबा म्हणत आणि हात झटकत.

झडतीत बाबांना सर्वांत मोल शिंपल्याचं. मला त्यांनी दहादा तरी समजावलं असेल. शिंपला पाणी गाळून खातो, म्हणून जिथे पाणी बिघडलं तिथे तोच आधी जातो. आणि त्याचं पिल्लू माशाच्या कल्ल्याला लटकून नदीभर हिंडतं. म्हणजे मासा नाही तर शिंपला नाही. “मगर घाणीतही काढते दिवस,” ते म्हणायचे, “मगरीवरून नदी ओळखू नये. शिंपल्याला विचारावं.” वर्गात शिकवायच्या आवाजात सांगायचे आणि मी तोंडपाठ झालेलं ऐकल्यासारखं करायची.

पुढे शहर वाढलं, आमच्या घराभोवतीही कॉलनी झाली. गावातले म्हशींचे गोठे बाहेर काढले, ते नदीच्या काठाने येऊन बसले. शेण धुऊन पाण्यात, मूत पाण्यात, वर शहराचे नाले होतेच. मी कुणा एकाला दोष द्यायला बसले नाही. जबलपूरची खोव्याची जिलबी खाताना कुणाला नदी आठवत नाही, मलाही नाही. पण बाबांच्या वहीत ते सगळं उतरत गेलं. आधी खेकडे गेले. मग चतुराच्या काती. मग एका वर्षी शिंपल्यांच्या रकान्यात त्यांनी ‘नाही’ असं लिहिलं आणि त्यानंतर दरवर्षी तेच. ‘नाही’. माती तरी ते तिथलीच आणत राहिले. वरचा काळा थर काढून आत आत खणायचे, जुनी पिवळी माती लागेपर्यंत. आई म्हणायची, “तलावाची आणा ना एखाद्या, जबलपुरात तलावांना काय तोटा आहे का?” बाबा ऐकलं न ऐकलं करायचे.

मग आई आजारी पडली. दीड वर्ष बाबा घरातून हलले नाहीत. ती गेली पौषात. पुढच्या वैशाखात बाबांचे गुडघे इतके धरले होते की उतार उतरायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. तेव्हा ते पहिल्यांदाच म्हणाले, “यंदा तू जा बेटा. वळणावरचीच आण. आणि नदी, ती कशी आहे ते बघून ये, खूप दिवस झाले.”

मी रविवारी सकाळी स्कूटीवरून गेले. नदीच्या आधी तिचा वास आला. कोह्याचं झाड होतं. त्याखाली जे होतं त्याला नदी म्हणायची माझी जीभ वळेना. अर्ध्यावर जलकुंभीची पानं माजलेली, उरलेल्यावर साय धरावी तसा काळपट तवंग. खुरपी मारली तर आतून बुडबुडे आले. आणखी खणलं. आणखी काळंच. पिवळी माती लागलीच नाही. मी झाडाशी जाऊन ओकले. पलीकडे शेणाच्या राडीवर एक मगर पडली होती आणि दोन जोडपी तिचे फोटो काढत होती. “कितनी नॅचरल जगह है,” त्यातली एक म्हणाली. मी इकडून त्यांच्यावर अशी ओरडले की मगर पाण्यात गेली. त्यांची काय चूक होती? काही नाही. कुणावर तरी ओरडायचं होतं. माझा हा स्वभाव आईकडून आलाय असं बाबा म्हणतात, आणि आई म्हणायची बाबांकडून.

घरी आले ती रिकामं पोतं घेऊन. बाबा झोपले होते. उठल्यावर सांगितलं की आज जाणं झालं नाही, पुढच्या आठवड्यात जाईन. त्यांच्या उशाशी आईचा चष्मा होता. मला ते ‘ती कशी आहे’चं उत्तर द्यायचं होतं आणि माझ्यात ती ताकद नव्हती. चार महिन्यांत दुसऱ्यांदा कुणी गेल्याची बातमी त्यांना मी द्यायची, हे मला जमणार नव्हतं. एवढं सरळ आहे ते.

आता मी काय केलं ते समजायला माझं काम सांगावं लागेल. कुंडमला एका सरकारी दवाखान्यात मी औषधं देते. रोज बसने जाते-येते. चिठ्ठीवरचं औषध कपाटात नसलं की आम्ही दुसऱ्या कंपनीचं देतो. म्हातारी पाकीट उलटंसुलटं करून बघते, रंग वेगळा, चांदी वेगळी. मग आम्ही म्हणतो, “साल्ट वही है अम्मा, घबराओ मत.” साल्ट म्हणजे गोळीतलं मूळ औषध. इतकी वर्षं हे वाक्य म्हणतेय की झोपेतही म्हणेन. दवाखान्याच्या मागे एक ओढा आहे, जंगलातून येणारा. एका दुपारी डबा धुवायला तिथे गेले आणि काठाची माती बघितली. पिवळसर, मऊ. मनात आलं, हिरन नदी या कुंडमच्याच बाजूला उगम पावते आणि आपली परियट पुढे जाऊन हिरनलाच मिळते. म्हणजे माती सोयऱ्यातलीच झाली की. साल्ट तेच.

डब्याच्या पिशवीतून रोज थोडी थोडी अशी आठवडाभर माती आणली. पोतं भरलं. रविवारी स्कूटीवर टाकून कॉलनीला एक चक्कर मारली आणि नदीवरून आल्यासारखी दारात उभी राहिले. चक्कर मारताना माझं मलाच हसू आलं होतं.

“वळणावरचीच?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“आणि कशी आहे?”

“बरी आहे.”

त्यांनी धोतर पसरलं, चिमटा घेतला. मी आत भाजी चिरत होते. एकदम त्यांनी हाक मारली, “अगं, ऐकलं का!” ही हाक माझ्यासाठी नव्हती. ती आईची हाक होती. मग ते थांबले, आणि जरा वेळाने हलक्या आवाजात मला बोलावलं. त्यांच्या तळहातावर अंगठ्याच्या नखाएवढा शिंपला होता. दोन्ही झाकणं जोडलेली, आतून मोत्यासारखी चमक. “जोडलेला आहे पाहा. म्हणजे जुना नाही, यंदाचा आहे,” ते म्हणाले. “परत आली बेटा. परियट परत आली.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी चहा टाकते म्हणून आत गेले.

त्या दिवशी त्यांनी पोळी मागून घेतली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. वहीत ‘नाही’च्या खाली नवी नोंद आली, दोनदा अधोरेखित. जुने विद्यार्थी भेटायला आले की बरणीतला शिंपला त्यांच्या हातावर ठेवून बाबा तासभर बोलत. मी मनाशी म्हणायची, औषध खोटं असेल, गुण तर आलाय.

पहिल्या वर्षाला मी अजूनही काहीतरी सबब सांगू शकते. दुसऱ्या वर्षी जे केलं त्याला सबब नाही. मी ओढ्यात शिंपले शोधून तिथलीच माती काढली. वरून दोन-तीन प्रकारचे शंख वेचून त्यात कालवले, कारण पहिल्या वर्षापेक्षा कमी निघालं तर बाबा हिरमुसतील. लबाडीत हात बसला की काम सुबक होतं. गणपती अंगणातल्या बादलीत विसर्जन करायचा असं त्यांच्या गुडघ्यांमुळे ठरलं होतं. ती माती मी नदीला पोचवते म्हणून न्यायची आणि कुंडमच्या ओढ्यात सोडायची. निदान तिला तरी तिच्या घरी पोचवत होते.

तिसऱ्या वर्षी कॉलनीत बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. पोरांच्या अंगाला खाज सुटली. डास तर असे की संध्याकाळी तोंड उघडायची सोय नाही. कांचघरहून आमच्या कॉलनीत राहायला आलेल्या एक निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना दीदी म्हणतात. त्यांनी अर्ज लिहिला. नदीत गोठ्यांचं पाणी सोडणं बंद करा, बोअरचं पाणी तपासा. अर्ज घेऊन त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या.

“मास्साब, पहला साइन आपका.”

बाबांनी चष्मा लावून अर्ज नीट वाचला आणि परत दिला. “दीदी, मैं साइन नहीं कर सकता. नदी तो सुधर रही है.” आणि उठून बरणी आणली. वही उघडली. शिंपल्याचं पिल्लू माशाच्या कल्ल्याला कसं लटकतं, मासे आल्याशिवाय हे शिंपले कसे येणारच नाहीत, सगळं सांगितलं. माझ्या लहानपणी सांगायचे तितक्याच उत्साहाने. दीदी एकदा त्यांच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. मी कॅलेंडर बघत होते.

“आप कह रहे हैं तो कुछ तो होगा,” असं म्हणून त्या गेल्या. पण गोष्ट तिथे राहिली नाही. मास्साबांनी सही केली नाही हे दुपारपर्यंत कॉलनीभर झालं. ज्यांनी सही करतो म्हटलं होतं ते म्हणाले, थांबू जरा. दीदींनी मिळाल्या तेवढ्या सह्यांनिशी अर्जाची नक्कल कचेरीत देऊन टाकली. चौथ्या दिवशी एक गोठेवाला मोठा खोव्याचा डबा घेऊन दारात. बाबांच्या पाया पडला. “मास्साब, हम लोग तो कब से कह रहे हैं, नदी एकदम बढ़िया है. साहब लोग जांच के लिए आ रहे हैं मंगल को. बस आप ये सीपें दिखा दीजिए.” बाबांनी खोवा घेतला नाही. म्हणाले, “डब्बा ले जाओ. जो देखा है वही बोलूंगा.” जे पाहिलं तेच बोलणार होते ते, आणि त्यांना दाखवलं होतं मी.

मंगळवारपर्यंत मी दवाखान्यात तीन वेळा चुकीची गोळी चुकीच्या माणसाच्या हातात ठेवली आणि तिन्ही वेळा परत ओढून घेतली. बोलले नाही तर माझ्या एका ‘बरी आहे’पायी नदीची तक्रार बुडणार होती आणि सगळी कॉलनी ते बोअरचं पाणी पीत राहणार होती. बोलले तर बाबांचं काय होईल याचा विचारही करवत नव्हता. आईनंतर त्यांना उभं करणारी ती एकच गोष्ट होती. मला बाबांचा राग यायला लागला. इतकी वर्षं नदी वाचणाऱ्या माणसाला माती परकी आहे हे ओळखू येऊ नये? मग कळलं, त्यांनी मातीवर विश्वास ठेवला नव्हता. माझ्यावर ठेवला होता.

मंगळवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर बसले होते. मांडीवर बरणी. तिच्यावर नवीन चिठ्ठी चिकटवलेली, सुवाच्य अक्षरात, ‘परियट, कोह्याचं वळण’.

“बाबा,” मी दारातूनच म्हटलं, “ते शिंपले परियटचे नाहीत.”

त्यांनी वर बघितलं नाही. “मग कुठले?”

“कुंडमचे. दवाखान्यामागच्या ओढ्यातले.”

“यंदाचे?”

“तिन्ही वर्षांचे.”

“आणि गोगलगायी?”

“त्याही. त्या तर मी वेचून मातीत कालवल्या.”

त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं. आमच्या घरात ओरडून मोकळं व्हायची पद्धत आहे. पण त्यांनी खिशातून पेन काढलं.

“ओढ्याचं नाव काय?”

“नाव नाही. लोक नुसतं नाला म्हणतात.”

चिठ्ठीवरचं ‘परियट’ त्यांनी एका रेघेने खोडलं आणि वर ‘कुंडम, दवाखान्यामागचा नाला’ असं लिहिलं. “पाणी कसं आहे तिथलं?”

“स्वच्छ आहे बाबा.”

“चला, ते तरी आहे,” ते म्हणाले. मग काठी शोधत उठले. “निघ. उशीर होऊन राहिला.”

कॉलनीच्या हॉलमध्ये गोठेवाल्याने त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखली होती. तपासणीला आलेले साहेब तरुण होते, घड्याळ बघणारे. बाबांचं नाव पुकारलं तसे ते काठीवर उभे राहिले आणि बरणी टेबलावर ठेवली. “ये सीपें परियट की नहीं हैं,” ते म्हणाले, “कुंडम की हैं. मैंने तीन साल ग़लत लिखा, और लोगों को ग़लत बताया. मेरा लिखा काट दीजिए. परियट में सीप नहीं है.”

मागे कुणीतरी हसलं. “सठिया गए मास्साब,” असंही ऐकू आलं. साहेबांनी विचारलं, मग आधी तसं का सांगितलं? बाबा म्हणाले, “नमूना मैंने अपने हाथ से नहीं उठाया था. जो अपने हाथ से न उठाए, उसे गवाही का हक़ नहीं. ग़लती मेरी है.”

हे मला सहन होईना. त्यांना म्हातारचळ लागलाय अशा नजरेने सगळा हॉल बघत होता आणि ते शांत उभे. मी उठले. “ग़लती इनकी नहीं है, झूठ मैंने बोला,” मी म्हटलं. आवाज इतका चिरका निघाला की मलाच ओळखू आला नाही. पुढे काय बोलले ते धड आठवत नाही. काळा गाळ, बुडबुडे, ओकारी, सगळं सांगितलं असेन. गोठेवाला साहेबांसाठी आणलेल्या खोव्याच्या डब्याकडे बघत होता. दीदींनी अर्ज पुढे केला. पहिली ओळ त्यांनी अजून रिकामीच ठेवली होती. बाबांनी तिथे सही केली.

त्या अर्जाचं पुढे काय झालं हे सांगण्यासारखं फारसं नाही. पाणी तपासायला नेलं, दोन गोठ्यांच्या नळ्या वळवल्या, बाकीच्यांच्या तशाच आहेत. दीदी अजून फेऱ्या मारतायत, आता त्यांच्याबरोबर मीही असते. त्या वर्षी आमच्याकडे गणपती सुपारीचा बसला. बाबांनी पाटावर तांदूळ पसरून सुपारी ठेवली, आरती नेहमीसारखी जोरात म्हटली.

पण त्या मंगळवारचं एक सांगायचं राहिलंय. हॉलमधून बाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी स्कूटी काढली. बाबा म्हणाले, “घरी नको. नदीवर चल.”

मी गुडघ्यांचं सांगितलं, उताराचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं. ते स्कूटीला हात लावून नुसते उभे. शेवटी नेलं. एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर, असे ते तो उतार एकेक पाऊल उतरले आणि कोह्याच्या मुळावर बसले. समोर बघत राहिले. मगर नव्हती, पक्षी नव्हते. तवंगावर काहीतरी हळूहळू सरकत होतं, प्लास्टिक असावं. मी ओढणी नाकातोंडाला गुंडाळली होती, तरी वास आत येत होता.

“मला माफ करा बाबा,” मी म्हटलं. “आईनंतर लगेच हेही सांगायचं मला जमलं नाही.”

“ते समजलं मला. माया केली तू. त्याचं काही नाही.” त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. “पण तू म्हणाली ना, बरी आहे. आजारी माणूस बरा झाला असं कळलं की आपण भेटायला जाणं पुढे ढकलून देतो. आपल्याला वाटतं, आता काय घाई आहे. तीन वर्षं झाली बेटा. मी एकदाही आलो नाही हिच्याकडे.”

मला रडू आलं. त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी उठले. “चला आता. वासाने डोकं दुखेल तुमचं. इथे बसवत नाही.”

ते हलले नाहीत.

“आजाऱ्यापाशी वास येतोच,” बाबा म्हणाले. “तोंडावरची ओढणी काढ आधी, आणि बस.”

मी ओढणी काढली आणि बसले.